ऐंशीव्या मिनिटाला उठणारे आप्पा

कवळीबाईच्या हाताला घाई कधी माहीतच नव्हती. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या उंच टेबलाशी बसून ती बावीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवत होती. प्लास्टरचा साचा पुढ्यात घ्यायचा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, आणि त्या मेणात एकेक दात असा रोवायचा की वरचा खालच्यावर नीट टेकला पाहिजे, पण दोघांचं भांडण होता कामा नये. वर चौदा, खाली चौदा. एखादा दात केसभर वाकडा वाटला तर ती मेण पुन्हा ऊन करायची, दात उपटायची आणि नव्याने लावायची. एका म्हाताऱ्या शिक्षिकेची कवळी तिने सहा वेळा मोडून सातव्यांदा लावली, तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, आता दुधाचे दात आले असते त्यांना."

असा जिचा धीर, ती एकाच माणसापुढे हात टेकायची. तो माणूस म्हणजे तिचा बाप. आणि तेही आठवड्यातून फक्त दहा मिनिटं.

आप्पा बेकरीत भट्टीवाले होते. एक्केचाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभे राहून लांब दांड्याच्या फळीने पाव आत सारले आणि बाहेर ओढले. त्या धगीने भुवया जळाल्या त्या कायमच्या, त्यामुळे त्यांचा चेहरा सदान्‌कदा जरा आश्चर्य वाटल्यासारखा दिसे. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. व्यसन एकच, गावची फुटबॉलची टीम. पिवळ्या बनियनवरून सगळे तिला पिवळे म्हणत. आता टीम म्हणावी तर टीम, नाही तर अकरा माणसांनी मिळून केलेली चूक. लेक पाच वर्षांची असताना पिवळे वरच्या गटातून जे खाली घसरले ते वर येण्याचं नावच घेईनात. पण प्रेम काय गुण बघून करतं होय? तसं असतं तर निम्मी लग्नं झालीच नसती.

लेक आठ वर्षांची झाली आणि आप्पा तिला मैदानावर घेऊन जायला लागले. पूर्वेकडच्या उंच गॅलरीत, बेचाळीस पायऱ्या चढून, वरून तिसऱ्या रांगेत. आप्पा बसल्या बसल्या बूट काढायचे, कारण भट्टीपुढे उभं राहून पाय सुजलेले असत. लेकीला त्यांनी सगळं तिथेच शिकवलं. चेंडूकडे बघू नकोस, चेंडू ज्याच्याकडे जाणार आहे त्याच्याकडे बघ. पंचाला शिव्या द्यायच्या, पण त्याच्या आईला मध्ये आणायचं नाही. आपला गोलकीपर चुकला तर टाळ्या वाजवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याचे पाय कापत नाहीत. पोरीला हे सगळं शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

एवढं सगळं शिकवलं, फक्त सामना संपतो कसा ते शिकवायचं राहिलं.

कारण आप्पा ऐंशीव्या मिनिटाला उठायचे. सामना चारला सुरू होई. मधली सुटी धरून ऐंशीवं मिनिट लागायचं पाच पस्तीसला. आप्पांची पाळी सहाची, आणि मैदानापासून बेकरी पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. मळलेलं पीठ फुगून तयार असे. ते त्या वेळेला भट्टीत गेलं नाही तर आंबूस होई. "पीठ काय माझी वाट बघत थांबतं का गं?" हे आप्पांचं ठरलेलं वाक्य. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला ते बूट चढवत, ऐंशीला उभे राहत आणि लेकीचं बोट धरून पायऱ्या उतरू लागत. घर बेकरीच्या मागच्याच गल्लीत, तेव्हा लेकीलाही निघावंच लागे.

आता गंमत बघा. पिवळ्यांची खोड अशी, की ऐंशी मिनिटं झोपा काढायच्या आणि शेवटच्या दहात जागं व्हायचं. त्यांचा गोल म्हणजे जेवणं उरकून भांडी घासायला घेतल्यावर दारात उभा राहणारा पाहुणा. बाप-लेक टायरच्या दुकानाच्या कोपऱ्यावर पोचले की मागून आरोळी उठे. आप्पा एक पाय उचललेला तसाच ठेवून कान टवकारत आणि म्हणत, "आपला." आरोळी आखूड आणि चिरकी असली तर म्हणत, "त्यांचा." चुकत फार क्वचित. पोरीला आधी आधी याचा केवढा अभिमान होता. मग सोमवारी शाळेत मुलं विचारत, "गोल कसा झाला गं? तू होतीस ना?" आणि तिच्याकडे सांगायला फक्त आवाज असे.

बारा वर्षांची असताना तर कहर झाला. पिवळे दोन गोलांनी मागे होते. ऐंशीव्या मिनिटाला हे दोघे उठले. टायरच्या दुकानापाशी एक आरोळी, पुलावर दुसरी, पूल उतरताना तिसरी. सात मिनिटांत तीन गोल. पुलावर ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "आप्पा, परत चला ना." आप्पांनी पाऊल तेवढं हळू केलं, पण वळवलं नाही. मैदानात माणसं मावतात आठ हजार, आणि तो सामना डोळ्यांनी बघितला म्हणून सांगणारे गावात निदान वीस हजार निघतील. ज्यांच्याकडे खरोखर तिकिटं होती आणि ज्यांनी बघितला नाही, असे जगात दोघेच.

एकोणिसाव्या वर्षी तिने बंड केलं. "तुम्ही जा, मी थांबते." आप्पा गेले. पंच्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला, डोळ्यांदेखत, डाव्या कोपऱ्यातून. ती ओरडत उठली, शेजारी वळली, आणि शेजारी रिकामी जागा. पलीकडच्या एका अनोळखी गृहस्थाने आनंदाच्या भरात तिच्या खांद्यावर थाप मारली, आणि मग दोघंही ओशाळली. विनोद भिंतीला सांगावा तसं झालं. पाच मिनिटं राहिलेली असताना ती उठली आणि धावत सुटली. आप्पांना तिने पुलावर गाठलं. "कंटाळा आला," म्हणाली.

तेव्हापासून तिला एकच पाहिजे होतं. शेवटच्या दहा मिनिटांतला एक गोल, आणि तो होताना शेजारच्या जागेवर आप्पा. मागणं तसं काही फार मोठं नव्हतं. पण मोठी मागणी एक वेळ पुरी होते, अशी बारकी मागणी माणसाला जन्मभर छळते.

ती म्हणायची, निवृत्त झाले की थांबतील. आप्पा निवृत्त झाले. पहिल्याच शनिवारी ती मुद्दाम दोन पेले चहा घेऊन बसली. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आप्पांनी बूट ओढले.

"आता कुठे?"

"नंतर गेटात फार गर्दी होते."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही ती कधी बघितलीय?"

"म्हणूनच तर कधी अडकलो नाही," आप्पा म्हणाले.

त्याला आता चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत तिने काय नाही केलं. समजावून झालं, रुसून झालं. एकदा त्यांचा एक बूट आपल्या पिशवीखाली सारून ठेवला, तर आप्पा एका पायात बूट आणि एका पायात मोजा असे गेटापर्यंत गेले, आणि पायात खडा रुतला म्हणून आठवडाभर लंगडले. त्यांच्या मागच्या रांगेत एक पोस्टमन बसायचा. तो दर सामन्याला वेळेवर म्हणायचा, "निघाली गाडी." कवळीबाईचे कान तापायचे. तिचा नवरा फुटबॉल म्हटलं की जांभई देणारा, तो म्हणे, "दहा मिनिटांसाठी काय एवढं." ज्याला पहिली ऐंशी नकोत त्याला शेवटच्या दहाची भूक काय कळणार?

आणि त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. पिवळे जिंकायला लागले. कसे, ते त्यांनाही कळत नसावं. शेवटचा सामना जिंकला तर एक्केचाळीस वर्षांनी वरच्या गटात जाणार होते. आणि दुसरी गोष्ट, आप्पांच्या गुडघ्यांनी निकाल दिला. त्या बेचाळीस पायऱ्या आता ते तीन ठिकाणी थांबून चढत. "हे वर्ष शेवटचं," त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "पुढच्या वर्षापासून रेडिओ."

सामन्याच्या तीन दिवस आधी ती संध्याकाळी माहेरी गेली. आई मटार सोलत होती, आप्पा शेंगा मोजून तिच्याकडे सरकवत होते.

"आप्पा, शनिवारी शेवटपर्यंत बसायचं."

"बसतोच की मी."

"ऐंशी मिनिटं बसता."

"नव्वदातले ऐंशी म्हणजे पहिला वर्ग झाला. शाळेत मला कधी एवढे पडले नव्हते."

"यांना काय सांगतेस तू?" आई म्हणाली. "पन्नास वर्षांत एका सिनेमाचा शेवट दाखवला नाही यांनी मला. खून कोणी केला ते मी शेजारणींना विचारत आले."

"तुला काय करायचं होतं खुनी ओळखून?"

"ओळखला असता तर पुढचा सिनेमा त्याच्याबरोबर बघितला असता. तो तरी शेवटपर्यंत बसतो."

आप्पा हसले. लेक हसली नाही. ती म्हणाली, "चेष्टा नको. गुडघे तुमचे, पायऱ्या मैदानाच्या, त्यात माझं काही चालत नाही. एवढं एक मागते. शिट्टी वाजेपर्यंत बसायचं."

आप्पांनी एक शेंग उगाच दोनदा उलटीपालटी केली. "बरं. शिट्टी वाजेपर्यंत."

"नक्की?"

"सांगितलं ना."

शनिवारी मैदान असं भरलं की पायऱ्यांवरही माणसं बसली होती. पिवळ्यांनी आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे विसाव्याच मिनिटाला गोल खाल्ला. साठाव्याला एक फेडला. एक-एक. बरोबरीत सुटले तर वर जाता येत नव्हतं. जिंकायलाच हवं होतं.

सत्तर झाली, पंच्याहत्तर झाली. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कवळीबाईला शेजारून आवाज आला, टक, टक, टक. आप्पांची कवळी तिनेच बनवलेली. तिच्या हातची कवळी एरवी वाजायची नाही. वाजली म्हणजे माणूस दातांवर दात दाबून बसलाय. तिने बघितलं तर आप्पांनी दोन्ही तळहात मांडीखाली घातले होते आणि पायांचे अंगठे बुटांकडे सरकत होते.

"आप्पा."

"बसलोय."

"आज घड्याळ बंद पडलं काय?" मागून पोस्टमन म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," कवळीबाई म्हणाली.

ऐंशी झाली. आणि कवळीबाईला एकदम आपल्यापुढचं मैदान जरा खाली गेल्यासारखं वाटलं. पिशवी खांद्याला होती. पुढच्या रांगेतल्या बाईच्या डोक्यावरून तिला गेटाची कमान दिसत होती. ती उभी राहिली होती. कोणी उठवलं नव्हतं, मनात काही आलं नव्हतं. अडतीस वर्षांची शिकवण, पायांनी पाळली.

"कुठे निघालीस?" आप्पांनी विचारलं.

"कुठे नाही." ती खाली बसली.

आप्पांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की नसलेल्या भुवया वर गेल्या. "बघ. तुलाच बसवत नाही. आणि चौदा वर्षं माझ्या नावाने शंख करतेस."

"सवय कोणी लावली?"

"मी पिठासाठी उठायचो."

"पीठ संपून चौदा वर्षं झाली, आप्पा. चौदा. आता कसलं पीठ फुगतंय तुमचं?"

"मला नाही बघवत," आप्पा म्हणाले.

"काय नाही बघवत?"

"हेच. शेवटचं. ऐंशीपर्यंत काही बिघडलं तर दुरुस्त व्हायला वेळ असतो. पुढे नसतो. भट्टीतून एकदा पाव बाहेर ओढला की झालं, कच्चा असो की करपलेला. मी आपला रस्त्यावरून ऐकतो. लांबून ऐकलं की कमी लागतं."

"हे आज सांगताय?"

"तू आज बसवलंस."

चौऱ्याऐंशी. आजूबाजूची माणसं ओरडत होती, उठत होती, बसत होती, आणि या दोघांनी एकमेकांकडे तोंड करून शेतातल्या बांधावरचं भांडण मांडलं होतं. कवळीबाईचा धीर बावीस वर्षांत दवाखान्यात सुटला नव्हता, तो तिथे सुटला. सात मिनिटांतले तीन गोल निघाले. सोमवारची शाळा निघाली. एका पायातला मोजासुद्धा निघाला.

"आणि मला एवढी बोलतेस," आप्पा म्हणाले, "एकोणीसची होतीस तेव्हा राहिली होतीस ना मागे? मग धावत का आलीस? पुलावर धापा टाकत होतीस. मला वाटलं, हिलाही शेवट झेपत नाही. माझ्यावर गेलीय."

"झेपत नाही?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "गोल झाला होता आप्पा तेव्हा. मी बघितला होता. शेजारी कोणी नव्हतं म्हणून आले धावत. मला शेवट पाहिजे होता. तुमच्यासकट पाहिजे होता. एवढं कळू नये माणसाला?"

आप्पांनी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी सगळी गॅलरी त्यांच्या अंगावर कोसळल्यासारखी उभी राहिली.

अशी आरोळी त्यांनी टायरच्या दुकानापाशी कधी ऐकली नव्हती. आत बसलं की ती कानाने ऐकूच येत नाही, बाकातून वर चढते. पुढे पाठी, बाजूला पाठी, वर उंचावलेले हात. दोघंही उभी राहिली तोपर्यंत पिवळे एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडले होते आणि चेंडू जाळ्यात निवांत बसला होता.

आप्पा मागे वळले. "कोणी मारला हो?"

पोस्टमन बघतच राहिला. "कोणी मारला म्हणजे? समोर बसून?"

"आम्ही जरा बोलत होतो."

"अहो, इतकी वर्षं तुमची पाठ बघितली. आज पहिल्यांदा तोंड इकडे, म्हटलं चला, आज बघणार. आणि तुम्ही बोलत होता?" त्याने कपाळावर हात मारला, मग त्याच हाताने आप्पांना मिठी मारली, मग कवळीबाईला मारायला निघाला आणि अर्ध्यात थांबून तिच्या पिशवीलाच मिठी मारली.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट होतं. कवळीबाईला रडावं की कोणाला तरी धरून बडवावं ते कळेना. सत्तावीस वर्षं वाट बघितली, बाप शेजारी बसवला, गोल पुढ्यात झाला, आणि आपण बघत काय होतो, तर बापाचं तोंड. देव देतो आणि कर्म नेतं, ते हे.

उरलेला वेळ मात्र त्यांनी बघितला. पंचाने चार मिनिटं वाढवली. पलीकडच्यांना दोन कॉर्नर मिळाले. दुसऱ्या कॉर्नरला आप्पांनी लेकीचं मनगट धरलं ते भट्टीवाल्याच्या पकडीने, आणि त्यांची कवळी इतकी वाजत होती की पुढची बाई वळून बघायला लागली. ते डोळे मिटतील असं लेकीला वाटलं. मिटले नाहीत. चेंडू आडव्या खांबावरून गेला. मग पंचाने शिट्टी फुंकली.

"एवढी लांब असते होय?" आप्पा म्हणाले.

लोक कठडे ओलांडून मैदानात धावले. म्हातारी माणसं एकमेकांच्या टोप्या उडवत होती. पोस्टमन बाकावर उभा राहून रडत होता. आप्पांनी बूट घातले, लेस बांधली, उभे राहिले आणि म्हणाले, "चल."

जिन्यापाशी आल्यावर कळलं की चल म्हणणं सोपं. बेचाळीस पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. वरचे खाली जाऊ बघत होते, खालचे नाचण्यासाठी वर येऊ बघत होते, आणि मध्ये एक जाडजूड माणूस फोनवर कोणाला तरी आईची शपथ घालून सांगत होता की मी इथेच आहे. रिकामा जिना कसा उतरायचा हे या बाप-लेकींना डोळे मिटून ठाऊक होतं. भरलेला जिना त्यांनी कधी बघितलाच नव्हता. तीन पायऱ्या उतरल्या आणि आप्पांचा गुडघा अडला.

"म्हणून म्हणत होतो," ते म्हणाले.

"काय म्हणत होता?"

"गर्दी होते."

"तुम्हाला बघवत नाही म्हणून निघायचात. आत्ता सांगितलंत."

"गर्दीही होते. दोन्ही खरं असू शकतं."

कोणाचा तरी कोपर तिच्या बरगडीत बसला. तिने दात आवळले, एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने आप्पांचं बखोट, आणि माणसांना ढकलत, माफी मागत, पुन्हा ढकलत त्यांना त्या तीन पायऱ्या परत वर आणलं. तिसऱ्या रांगेत त्यांच्या दोन जागा रिकाम्या होत्या. साऱ्या रांगाच रिकाम्या होत्या. आप्पा बसले आणि गुडघा चोळू लागले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय. सगळे जाईपर्यंत बसायचं."

"किती वेळ लागेल?"

"मला काय माहीत? मी कधी थांबलेय का?"

खाली लोक आठवण म्हणून मैदानातलं गवत उपटून खिशात घालत होते. आप्पा जरा वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "हे गवत पुढच्या मोसमापर्यंत काही यायचं नाही."

ती अजून रागावलेलीच होती, आणि राग कोणावर धरावा ते ठरत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांवर सारखा वाटून टाकला होता.

"डावीकडून आला असेल चेंडू," आप्पा म्हणाले. "त्यांचा डावा बचाव पहिल्यापासून ढिला होता."

"उजवीकडून. पिवळ्यांचा ढीग उजव्या बाजूला पडला होता."

"ढीग पळत जाऊन पडतात. गोल जिथे होतो तिथे नाही पडत."

"तुम्ही बघितलात?"

"तू बघितलास?"

तिने त्यांच्याकडे रोखून बघितलं. आप्पांनी बूट काढायला घेतले होते. एक काढला, मग दुसरा, दोन्ही जोडीने बाकाखाली सारले आणि पाय लांब केले.

"डावीकडूनच," ते म्हणाले. "हे बघ, मी सांगतो तुला कसा झाला असेल."